साडेतीन वर्षांचं लेकरू: नर्सरी की अंगणवाडी? आणि 'नुसतं खेळतात' म्हणजे नेमकं काय?

गोदाकाठची (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

आम्ही गंगाखेडचे. लेक साडेतीन वर्षांची. जूनमध्ये तिला इथल्याच एका इंग्रजी नर्सरीत घातली. गणवेश, टाय, दप्तर, सगळं हौसेनं केलं. दिवाळीपर्यंत बरं चाललं. दिवाळीनंतर गृहपाठ सुरू झाला. एक पान मोठा ए, एक पान लहान ए, वर एक ते पन्नास आकडे. आता सकाळी टाय दिसला की हिचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. परवा झोपेत बोलली, "मॅडम, मी रेघेच्या बाहेर नाही गेले." त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

मागच्या गल्लीत अंगणवाडी आहे. धाकट्याच्या डोसाला गेले होते तेव्हा लेक सोबत होती. आत तीन पोरी सुपात ज्वारी आणि तूर वेगळी करत बसलेल्या. एक पोरगा बाहुलीला इंजेक्शन देत होता. दोघांचं भांडण चाललेलं, ठोकळ्यांचा केलाय तो पूल आहे का गोठा. आमची तिथनं निघेना.

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणल्या, "ती खिचडीची शाळा. तिथं नुसतं खेळतात." नवऱ्याचं म्हणणं, वर्ष वाया जाईल. मलाही खात्री नाही. खेळून खरंच काही येतं का, का आपण मनाची समजूत घालतो? अनुभव असेल त्यांनी सांगा.

लातूरकर_७२ (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खेळायला घर आहे, अंगण आहे, रविवार आहे. त्यासाठी शाळा कशाला?

थोरल्याला आम्ही लाडानं खेळू दिलं. पहिलीच्या प्रवेशाला गेलो तर त्याला समोर बसवून फळांची नावं आणि स्पेलिंगं विचारली. तो टेबलाखाली जाऊन बसला. यादीत नाव आलं नाही. त्या दिवशी ठरवलं, धाकटीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. आमच्या लातूर पॅटर्नला लोक हसतात, पण आपल्या भागातल्या गरिबांची पोरं डॉक्टर झाली ती पाठ करून, सराव करूनच झाली ना? सवय लहानपणीच लागते.

कलम_तेरा (मंगळवार, सकाळी ७.५०)

लातूरकर, तुमच्या मुलाची जी परीक्षा घेतली ती मुळात बेकायदा होती. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायची नाही आणि पालकांची मुलाखतही घ्यायची नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. शाळा त्याला 'ओळख', 'संवाद' असं गोड नाव देतात आणि आपण मुलाला नवे बूट घालून घेऊन जातो.

लातूरकर_७२ (मंगळवार, सकाळी ८.०५)

कायदा मला पण माहीत आहे वकीलसाहेब. तक्रार करून त्याच शाळेत पोराला पाठवायचं कसं, तेवढं कलम सांगा.

मनगट (मंगळवार, दुपारी २.३०)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगरला. "मुलाचं अक्षर घाण आहे, हात दुखतो म्हणतो" अशी तक्रार घेऊन पालक येतात. मूल असतं चार वर्षांचं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली जेमतेम तीन-चार दिसतात. बाकीची अजून कूर्चाच, म्हणजे मऊच आहेत. शेवटचं हाड दिसायला नऊ ते बारा वर्षं लागतात. ही झाली हाडांची गोष्ट. जोर आणि ताबा याहून महत्त्वाचा, आणि तो खांद्याकडून बोटांकडे येतो. आधी खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. म्हणून झाडाला लोंबकळणं, कणीक तिंबणं, फडकं पिळणं, शेंगा फोडणं, कागद फाडणं, मणी ओवणं ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. पोळ्याला आपण लेकरांना मातीचे बैल करायला बसवायचो. बैलाची शिंगं वळणारी बोटं दोन वर्षांनी पेन्सिल न शिकवता नीट धरतात. आता बैल बाजारातून रंगवलेला येतो आणि पेन्सिल तिसऱ्या वर्षी हातात. उलटं झालंय सगळं.

सेविका_१९वर्षे (मंगळवार, रात्री ९.४५)

मी अंगणवाडी सेविका आहे, जालना जिल्ह्यात. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या सुपरवायझर बाई पण इथं वाचत असतील.

गोदाकाठची ताई, तुम्ही ज्वारी आणि तूर निवडणाऱ्या पोरी बघितल्या ना, तेवढं एक सांगते. तो टाइमपास नसतो. आधी मी दोनच धान्यं देते. मोठं एकीकडं, बारीक एकीकडं. हे जमलं की चार दिवसांनी गुपचूप मूठभर हुलगे मिसळते. आता अडचण. हुलगे तुरीत घालायचे का तिसरा ढीग करायचा? रंग बघायचा का आकार? मी सांगत नाही, आपसात भांडू देते. मागच्या वर्षी एका पोरीनं हुलगे उचलून बाजूला ठेवले आणि म्हणली, "हे बैलाचं." तिच्या घरी हुलगे भरडून बैलाला घालतात. म्हणजे तिनं धान्य रंगानं नाही, आकारानं नाही, कोण खातं त्यावरनं लावलं. मग सगळ्यांनी परत ढीग मोडले आणि बैलाचं, माणसाचं, कोंबडीचं असे लावले. ज्वारी कोंबडीची का माणसाची यावर जेवणाची वेळ झाली. हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

आता आकडे. तुमची लेक एक ते पन्नास म्हणत असेल. उद्या तिला म्हणा, "पाच वाट्या आण." आमच्याकडं नर्सरीतून आलेली लेकरं शंभरपर्यंत घडाघडा म्हणतात आणि पाच वाट्या आणायला सांगितल्या तर हातात येतील तेवढ्या आणतात. कारण त्यांना ते गाणं पाठ आहे. एका वाटीला एकच आकडा म्हणायचा, कुठली वाटी सोडायची नाही, आणि शेवटी जो आकडा आला तेवढ्या वाट्या झाल्या, ही तिन्ही कामं डोक्यात एकदम जुळावी लागतात. ती जुळतात पंगतीत वाट्या मांडताना, चिंचोके वाटून घेताना. एकाला कमी आला की तो ओरडतो, मग सगळे परत मोजतात.

भाषेचं पण तसंच. आम्ही गावांच्या नावांवर टाळ्या वाजवतो. हिं-गो-ली, तीन टाळ्या. ला-तूर, दोन. परभणीला दर वर्षी वाद होतो, लेकरं पर-भ-णी अशा तीन वाजवतात आणि मदतनीस ताई म्हणतात अक्षरं चार आहेत. दोघांचं बरोबर आहे. पण शब्दाचे तुकडे कानाला कळले तरच पुढं अक्षर डोळ्याला कळतं. 'अटक मटक चवळी चटक' उगीच नाही पिढ्यानपिढ्या चाललेलं.

राज्यात आमच्यासाठी 'आकार' अभ्यासक्रम आहे, २०२४ मध्ये केंद्राचा 'आधारशिला' आला. दोन्हींत खेळ, गोष्ट, गाणी, खेळाचे कोपरे हेच आहे. मनानं काही करत नाही आम्ही.

आणि सगळ्यात अवघड काम कुठलं विचाराल तर पाऊण तास मुक्त खेळ चालू असताना गप्प बसणं. लेकराचा मनोरा पडायला लागला की हात आपोआप पुढं जातो. तो मागं ठेवायला मला चार-पाच वर्षं लागली.

जुनं_पान (मंगळवार, रात्री ११.३०)

सेविकाताई, वाचून उभा राहिलो.

'खिचडीची शाळा' म्हणणाऱ्यांसाठी थोडं मागचं. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात होत्या. माँटेसोरी बाईंची पद्धत दोघांनी आपल्याकडच्या मुलांसाठी वळवून घेतली. १९४५ ला ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत. माँटेसोरीचं साधन लाकडी, महाग, कारखान्यातलं. बोर्डीला ते परवडणार कसं? मग शिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन. आणि वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तर या बाया बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढं १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथं तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथंच शाळा. आजच्या अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. म्हणजे खिचडीच्या तीस वर्षं आधी अंगणवाडीत चिंचोके होते.

(आमच्या वडिलांची पहिली निजामाच्या राज्यात उर्दूत झाली. घरी मराठी, शाळेत अलिफ-बे. ते सांगायचे, वर्षभर मला वाटायचं मास्तर चिडलेत. टाय घातलेल्या तीन वर्षांच्या पोरांना इंग्रजीत 'सिट डाउन' ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार येतो.)

चिमणी_आई (बुधवार, सकाळी १०.१०)

सगळं पटलं, पण एक सांगू? आमच्या चिरंजीवांनी अशाच 'धान्य निवडण्यात' हरभरा नाकात घातला. नांदेडला नाक-कान-घसावाल्यांकडं पळालो. तीन वर्षांखालचं भावंड मांडीवर घेऊन पोरी खेळायला बसतात, तिथं बारीक बिया नकोतच. मोठ्या लेकरांच्या समोरही कुणीतरी बसलेलं पाहिजे.

सेविका_१९वर्षे (बुधवार, दुपारी १.२०)

बरोबर आहे. आमच्याकडं धान्याचं सूप मोजून निघतं, मोजून परत जातं, आणि तेव्हा मी जागची हलत नाही. फोन आला तर सूप आधी फळीवर, मग फोन.

लातूरकर_७२ (बुधवार, रात्री ९.००)

सेविकाताई, तुमच्यासारखी बाई आमच्या वार्डात असती तर मी पण धाकटीला घातली असती, खोटं बोलत नाही. पण आमच्या मळ्याजवळच्या अंगणवाडीत मी तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा सेविका मीटिंगला किंवा सर्व्हेला. मदतनीस खिचडी शिजवतेय, लेकरं धुळीत, एक नाल्याकडं निघालेलं. त्याला पण खेळातून शिक्षण म्हणायचं का?

सेविका_१९वर्षे (बुधवार, रात्री १०.३०)

नाही म्हणायचं. त्याला लेकरं सोडून देणं म्हणतात.

तुमचा राग बरोबर आहे, जागा चुकली. माझ्या पटावर २७ लेकरं. वजन-उंची, पोषण ट्रॅकर ॲपवर फोटो आणि हजेरी, घरपोच आहार, गरोदर बायांच्या गृहभेटी, लसीकरण, मतदार यादी. रेंज नसली तर ॲप भरायला पाण्याच्या टाकीवर चढलेली आहे मी. या सगळ्यातून रोजचे दोन तास लेकरांचे राखायचे म्हणजे भांडण करावं लागतं. मी ग्रामसभेत उभी राहून सांगितलं, सकाळी ११ ते १ मला कुणी हाक मारायची नाही. सरपंच हसले. पण दोन आयांनी उचलून धरलं, आता त्या वेळात कुणी येत नाही. तुम्ही तीनदा गेलात, चौथ्यांदा चार पालक मिळून जा आणि तेवढंच मागा.

फडावरचा_मास्तर (गुरुवार, रात्री ८.१५)

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. इथं नर्सरी की अंगणवाडी हा प्रश्नच पडत नाही. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि अर्धी वस्ती ऊस तोडायला साखर कारखान्याला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. सहा वर्षांपुढच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह तरी आहे, आजीजवळ ठेवून पहिली-दुसरी होते. त्याखालची आईच्या मागं फडात. अंगणवाडीच्या पटावर नाव राहतं, लेकरू सांगलीला.

एकदा उसाच्या दिवसांत पालकांना भेटायला फडावर गेलो होतो. थंडी मरणाची. कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, चार-पाच वर्षांची तीन पोरं खेळत होती. उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधलेल्या, टिपराच्या तुकड्यांची गाडी, बाभळीच्या काट्यानं चाकं टोचलेली. एक मुकादम झालेला, चिठ्ठीवर रेघोट्या मारत दुसऱ्याला म्हणत होता, "तुझ्या तीन टायर-गाड्या कमी पडल्या." हिशोब करून दाखवत होता बोटांवर. भातुकलीत आपल्याकडं पोरी बाजार मांडतात, इथं पोरांनी उचल मांडली होती. कुणी शिकवलं नव्हतं. अवतीभवती जे दिसतं ते लेकरू खेळून समजून घेतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. आणि त्यांच्याशी त्या खेळाबद्दल दोन शब्द बोलायला दिवसभरात एकही मोठं माणूस मोकळं नव्हतं, हेही. आई पहाटे तीनला फडात गेलेली.

ती पोरं उन्हाळ्यात परत येतात. जूनमध्ये पहिलीत बसतात. हात बळकट, नजर चलाख, पण गोष्ट ऐकायची सवय नाही, आपलं म्हणणं सांगायची तर नाहीच. मी पहिला महिना पाटी देत नाही. गाडी करायला लावतो आणि तिच्याबद्दल विचारत बसतो. वरचे साहेब एकदा म्हणाले, निपुणचं (वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं) काय? म्हणलं साहेब, हेच. नव्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिली-दुसरी त्यातच येते. साहेब गाडी हातात घेऊन बघत बसले. चांगले होते.

मनगट (गुरुवार, रात्री ९.४०)

मास्तर, 'खेळाबद्दल बोलायला मोठं माणूस मोकळं नव्हतं' हे वाक्य क्लिनिकच्या भिंतीवर लावणार आहे. गेटेड कॉलनीतल्या चाळीस खेळण्यांच्या खोलीतही तेच असतं. आई-बाबा दोघं फोनवर.

बीएडवाली (शुक्रवार, सायंकाळी ६.००)

लातूरकरांच्या 'सराव लहानपणीच' या मुद्द्यावर. अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलँटी गावात १९६७ पासून गरीब घरच्या ६८ मुलांचे तीन गट केले होते. एकाला थेट पाठ देऊन शिकवलं. दुसऱ्यात मुलं ठरवायची काय खेळायचं, खेळायची, मग काय केलं ते सांगायची. तिसरी साधी नर्सरी. सुरुवातीला अभ्यासात तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले. फरक दिसला तो मोठेपणी, तेविसाव्या वर्षी, वागण्यात आणि माणसांत मिसळण्यात, आणि तो थेट पाठवाल्या गटाच्या बाजूनं नव्हता. मुलं फक्त ६८, त्यामुळं यावर टोकाचं काही उभारू नये. पण लवकर पाटी दिली म्हणून पुढं गेली असं काही त्यात निघालं नाही.

बाकी 'प्ले स्कूल' या पाटीवर जाऊ नका. भिंतीवर कार्टून आणि आत बाकांच्या रांगा, असं संभाजीनगरात गल्लोगल्ली आहे. आत गेल्यावर एकच बघा: मुलांचा आवाज जास्त आहे का बाईंचा. आणि भिंतीवरची चित्रं. तीस मुलांची तीस सफरचंदं सारखीच लाल असतील तर ती बाईंनी काढलीत.

गोदाकाठची (पुढचा रविवार, रात्री १०.२०)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, घरात महायुद्ध चालू होतं.

वाट्यांचा प्रयोग केला. पाच सांगितल्या, आठ आल्या. परत सांगितल्या, तीन आल्या. नवरा शेजारी बसून बघत होता, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तोच नर्सरीत गेला, गृहपाठ बंद करता येईल का विचारायला. "बाकीच्या पालकांना हवाय, कमी दिला तर ते फी कशाची म्हणतात," हे उत्तर. खोटं नसेल ते.

अंगणवाडीत मी दोन दिवस, न सांगता, वेगवेगळ्या वेळी गेले. एक दिवस सेविका होत्या, एक दिवस मीटिंगला. मीटिंगच्या दिवशी लातूरकर म्हणतात तसंच होतं, लपवत नाही. म्हणून मी आणि गल्लीतल्या अजून दोघींनी ठरवलंय, मीटिंग असेल त्या दिवशी आमच्यातली एक जाऊन बसायचं. सेविकांना सांगितलं तर त्या आधी बिचकल्या, मग म्हणल्या, "गोष्ट सांगता येती का?" येत नाही. शिकतेय.

सोमवारपासून लेक तिकडं जाते. नवऱ्याची अट, जूनमध्ये परत बघू. पोटदुखी गेली म्हणवत नाही, मंगळवारी परत दुखलं. कारण विचारलं तर म्हणे, काल डॉक्टर व्हायची पाळी दुसऱ्याला गेली.

सासूबाई काल गहू निवडत होत्या. ही जाऊन बसली आणि म्हणली, "आजी, खडे वेगळे, काड्या वेगळ्या. तू दोन्ही एकातच टाकलंस." सासूबाई माझ्याकडं बघून, "नुसतं खेळून येती अन् मलाच शिकवती."

लातूरकर_७२ (रविवार, रात्री १०.३५)

ताई, शुभेच्छा. मी उद्या चौघांना घेऊन आमच्या अंगणवाडीत जातोय. नर्सरीची फी परत मिळाली का?

गोदाकाठची (रविवार, रात्री १०.५०)

कुठली फी. गणवेश पुतणीला दिला. टाय तेवढा लेकीनं ठेवून घेतलाय, मातीच्या बैलाला कासरा केलाय त्याचा.